शुद्ध पाणी, हात लावू नये

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचे देव आठवडाभर बॅटरीच्या पाण्याने न्हाले. त्यांची काही तक्रार नव्हती. उलट बाळकृष्ण इतका लख्ख दिसायला लागला, की शेजारच्या बायका आईला विचारू लागल्या, नवा घेतला का म्हणून. तक्रार होती ती माझी, आणि ती मला कुणाजवळ करता येत नव्हती, कारण पाणी मीच आणलं होतं.

पन्नाशी जवळ आली की माणसाला काहीतरी होतंच. कुणाचे गुडघे धरतात, कुणाला अध्यात्म लागतं. मला वडिलांचा कॅमेरा सापडला. लोखंडी कपाटात, त्यांच्या मफलरमध्ये गुंडाळलेला, रोलवाला. मी पुण्याहून कृष्णधवल रोल मागवले आणि घरात जाहीर करून टाकलं की मोबाईलवर काढतात त्याला फोटो म्हणतच नाहीत. फोटो कसा, विचार करून एकदाच काढायचा. मी विमा विकतो. एकदा बोलायला लागलो की समोरचा सही करेपर्यंत थांबत नाही. घरच्यांनी मान डोलावून विषय संपवला आणि मला वाटलं, पटलं त्यांना.

त्यात आईची पंच्याहत्तरी आली. घरातच औक्षण, जवळची माणसं आणि शेंगपोळीचं जेवण, एवढाच बेत होता. त्या दिवशी मी दारात एक पाटी घेऊन उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल त्या पाटीत जमा करून घेतला. (होय, पाटीत. भाजीची होती, धुऊन घेतली होती.) "आज फोटो फक्त मी काढणार," असं मी सांगितलं. लोक समारंभाला आले होते, त्यामुळे कुणी भांडलं नाही. माधवी, म्हणजे माझी बायको, तेवढी हळूच म्हणाली, "अहो, निदान एक मोबाईल तरी बाहेर राहू द्या." मी तिच्याकडे दयेने पाहिलं.

आता शिवामामाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दुधनीला शेती करतो. या बहीणभावांचा कित्येक वर्षं अबोला होता, आणि तो जमिनीवरून नाही, सोन्यावरून नाही, तर आमटीवरून. मामाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. व्याही मंडळी पंगतीत बसलेली. आईने पहिला भुरका मारला आणि भर पंगतीत म्हणाली, "शिवा, तुझ्या हिरीचं पाणी लई खारट हाय रं. डाळ शिजली न्हाय बघ." झालं! ती विहीर मामाने स्वतः उभं राहून खणून घेतली होती. व्याह्यांनी आपापल्या वाटीत पाहिलं. मामा काही बोलला नाही, आणि मग पुढे कधीच बोलला नाही. दिवाळी आली गेली, भाऊबीज आली गेली. आई दर भाऊबिजेला चंद्राला ओवाळायची आणि नंतर बराच वेळ आमच्यापैकी कुणाशी धड बोलायची नाही.

माधवीने गुपचूप फोन करून मामाला पंच्याहत्तरीला बोलावलं होतं. तो येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. आणि आम्ही जेवायला बसणार एवढ्यात फेटा बांधलेला मामा दारात उभा! मी सवयीने त्याचाही मोबाईल पाटीत घेतला. तो सरळ आईपाशी गेला, ताटातली शेंगपोळी मोडली आणि तिच्या तोंडापुढे घास धरला. आईने तोंड उघडलं, घास घेतला आणि मग दोघंही रडायला लागली. सगळ्यांचे हात खिशांकडे गेले. खिसे रिकामे. भाजीच्या पाटीत मोबाईलच मोबाईल, आणि अख्ख्या घरात कॅमेरा एकच, माझ्या हातातला. मी बटण दाबलं.

तेव्हापासून आईचं एकच मागणं सुरू झालं. तो फोटो मोठा करून समोरच्या खोलीत लावायचा. मामाचा दुधनीहून रोज फोन. "प्रकाश, फोटु झाला का न्हाय?" मी म्हणायचो, होतोय. पण तो फोटो अजून कॅमेऱ्यात होता, आणि कॅमेऱ्यातून भिंतीवर यायचा तर आधी रोल धुवावा लागतो. रोल डेव्हलप करण्याला आपल्याकडे धुणंच म्हणतात. मी ज्या स्टुडिओत गेलो तिथल्या माणसाने रोल हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, यात चार्जिंग कुठून करतात. तेव्हा मी ठरवलं, घरीच धुवायचा. माधवी म्हणाली, स्वतःचा रुमाल आजवर धुतला नाही तो माणूस रोल धुणार.

आधी एक साधा रोल गल्लीतल्या लोकांचे फोटो काढून धुऊन पाहिला. धुतला चांगला, आणि वाळत घातला. सोलापूरचं पाणी कसं आहे हे मी सोलापूरकरांना काय सांगू? ते आधी येत नाही, आणि आलं की जात नाही, डाग सोडून जातं. बादलीवर, नळावर, आरशावर. नळाला खाडा होता म्हणून मी बोअरचं वापरलं होतं. वाळलेल्या रोलवर पांढरे ठिपकेच ठिपके पडले. गल्लीतल्या झाडून सगळ्या माणसांना एकदम कांजिण्या आल्या. समोरच्या काकूंनी स्वतःचा फोटो पाहिला आणि काळजीने विचारलं, "कोण हो या? बऱ्या आहेत का आता?"

रोलवाल्या मंडळींचा मोबाईलवर एक ग्रुप आहे (मोबाईलला नावं ठेवणारे आम्ही सगळे मोबाईलवरच भेटतो). तिथे विचारल्यावर उत्तर आलं की शेवटचं पाणी शुद्ध लागतं, वाफेचं, ज्यात क्षार अजिबात नाहीत असं. मी फोनवर मोठ्याने म्हटलं, "म्हणजे शेवटचं पाणी शुद्ध पाहिजे तर!" आत आईने जपाची माळ थांबवली आणि माधवीला विचारलं, कुणाचं काय झालं.

असं पाणी मिळतं इन्व्हर्टरच्या दुकानात. हैदराबाद रोडवर रफिकचं दुकान आहे, आमच्या इन्व्हर्टरचं बघतो तो. त्याने विचारलं, ॲसिड पाहिजे की पाणी, आणि मी पाणी म्हटल्यावर पांढरा कॅन काढून दिला. कॅनवर ठसठशीत लिहिलेलं होतं, बॅटरी वॉटर. तो घेऊन मी घरात शिरलो आणि माधवीने दारातच अडवलं. बॅटरीत ॲसिड असतं एवढं तिला ठाऊक होतं. मी समजावलं की ॲसिड वेगळं आणि पाणी वेगळं. ती म्हणाली, "ते तुम्हाला कळतं हो. आई दिवसातून दहा वेळा हाताला लागेल ते भांडं उचलून पाणी पितात. बॅटरी शब्द वाचला तर घाबरून दवाखाना गाठतील, आणि न वाचता प्यायल्या तर मी गाठेन."

मुद्दा बरोबर होता. मी कॅनवरचं लेबल खरवडून काढलं, जाड पेन घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: शुद्ध पाणी. हात लावू नये. मग उन्हाने तापू नये म्हणून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात तो कॅन ठेवला. आमच्या घरातला सगळ्यात गार कोपरा देवघराशेजारी आहे. रोल धुवायची औषधं पुण्याहून यायची होती, तोवर पाणी सुरक्षित. माझा धंदाच असा की उद्या काय संकट येईल हे मी लोकांना आज सांगतो. मला स्वतःला त्या कॅनकडे बघून काहीही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर आई देवापुढे बसलेली, डोळे भरलेले. गेली कित्येक वर्षं तिचं एक दुखणं होतं. आपण नळ येतो तेव्हा भरून ठेवतो आणि तेच पाणी चार-चार दिवस पुरवतो, म्हणजे देवांना रोज शिळ्या पाण्याची आंघोळ. हे ती मला येताजाता ऐकवायची आणि मी येताजाता हं म्हणायचो. आणि आज तिने पाहिलं तर देवघरापाशी कोरा कॅन, त्यावर लेकाच्या अक्षरात लिहिलेलं, शुद्ध पाणी, हात लावू नये. आमच्या घरात शुद्ध म्हणजे काय? सोवळ्याचं. हात लावू नये म्हणजे? आंघोळ केल्याशिवाय. यात दुसरा अर्थ निघतोच कुठे?

"ध्यानात ठिवलंस व्हय रं," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? की आई, हे देवाचं नाही, बॅटरीचं आहे? मागून माधवी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत 'आता बोला' असंही होतं आणि 'खबरदार बोललात तर' असंही होतं. मी म्हणालो, "अगं, त्यात काय एवढं."

त्या दिवसापासून कॅनवर आईचा पहारा बसला. मी नुसता जवळून गेलो तरी विचारायची, "आंगूळ केलीस का?" केली म्हटलं तरी हातात कॅमेरा असेल तर चालत नसे, कारण कॅमेऱ्याला चामड्याचा पट्टा. तेही मी सोसलं असतं. पण तिने गल्लीत सांगितलं. देव तर खरोखरच उजळले होते, पाण्यात क्षारच नाहीत म्हटल्यावर डाग पडणार कुठून? बायका फुलपात्रं घेऊन यायला लागल्या. आई प्रत्येकीला पळीपळीने मोजून द्यायची. समोरच्या काकूंनी मला अदबीने विचारलं, कुठून आणलंत हो हे पाणी. मी खरं ते सांगितलं, हैदराबाद रोडवरून. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. तिकडे कुणा महाराजांचा मठ झाला असावा असं गल्लीने परस्पर ठरवून टाकलं.

कॅन उतरत चालला. मी रफिककडून दुसरा आणला आणि पहाटे आई उठायच्या आत पहिल्यात ओतला. ओतण्याआधी मी आंघोळ केली, हेही सांगून टाकतो. पकडलाच गेलो तर निदान पारोसा तरी नको! रफिकला मात्र काळजी वाटली. एवढं पाणी पिते म्हणजे बॅटरी संपत आली, असं म्हणाला, आणि एकदा येऊन बघून जातो म्हणाला. मी नको नको म्हणालो.

मग पुण्याहून औषधांचं पार्सल आलं आणि त्याच दिवशी दुधनीहून मामा आला. फोटो बघायला आलो म्हणाला, पण त्याच्या खांद्यावर भलामोठा कॅन होता. आईने फोनवर त्याला सांगितलं होतं की माझ्या लेकाने देवासाठी शुद्ध पाणी आणलं. यात टोमणा नव्हता, आईला नुसता आनंद झाला होता. पण वास्तुशांतीची ती आमटी मामाच्या मनातून पुरती गेली नव्हती. त्याने कॅन देवघरापुढे टेकवला आणि म्हणाला, "आक्का, आमच्या हिरीचं पाणी बी शुद्धच हाय की. पहाटं काढलंय, सोवळ्यात."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने आपल्या विहिरीचं पाणी माझ्या कॅनमध्ये काठोकाठ ओतलं.

मी आईकडे पाहिलं. मामा दारात दिसताच ती लगबगीने तांब्याची कळशी भरून स्वयंपाकघरात ठेवून आली होती. पदराला हात पुसत उभी होती. मला वाटलं, आता ती तो शब्द उच्चारणार. एकदा खारट म्हणाली की संपलं. फेटा, भाऊबीज, शेंगपोळी, सगळं परत दुधनीच्या गाडीत बसून जाणार, आणि माझ्या रोलमधल्या त्या फोटोकडे दोघंही कधी बघणार नाहीत. पण आई म्हणाली, "बरं केलंस, शिवा." मामाच्या आग्रहाखातर देवांना लगेच दुसऱ्यांदा आंघोळ झाली.

सकाळी बाळकृष्णाच्या दोन्ही गालांवर पांढरे ठिपके होते. मामा शेजारीच चहा पीत बसलेला. आईने बाळकृष्ण उचलला, ठिपक्यांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, पदराने मूर्ती पुसली आणि खाली ठेवली. माझ्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

आता माझी पंचाईत बघा. औषधं आली होती. मामा फोटो घेतल्याशिवाय जाणार नव्हता. पाणी शुद्ध राहिलं नव्हतं, आणि ते शुद्ध राहिलं नाही असं या घरात म्हणायची सोय नव्हती. मी कार्यालयात जातो असं सांगून हैदराबाद रोड गाठला, तर दुकानाला कुलूप. एका मित्राने सांगितलं, एसीतून गळतं तेही पाणी वाफेचंच असतं. म्हणून शेजाऱ्यांच्या एसीच्या नळीखाली बादली धरून उभा राहिलो. विमा विकणारा माणूस आपल्या खिडकीखाली बादली घेऊन उभा आहे म्हटल्यावर शेजाऱ्यांनी आतून पडदा ओढला आणि एसी बंद केला.

दुपारी घरी परतलो तर वीज गेलेली आणि इन्व्हर्टर टूं टूं करत होता. त्या उन्हात पंखा बंद म्हणजे जीव नकोसा होतो. माधवीने फोन केला होता आणि रफिक दुकान बंद करून आमच्याकडेच आला होता! मी दारात पोचलो तेव्हा तो बॅटरीची झाकणं उघडून बसला होता आणि मामा त्याला टॉर्च धरून दाखवत होता.

"पाणी एकदम खाली गेलंय," रफिक म्हणाला. "पण साहेबांनी तर दोन कॅन नेलेत. कुटं हायत?" आणि त्याची नजर देवघराकडे गेली. मी मध्ये शिरायच्या आत त्याने तो कॅन उचलला. "ह्यो बघा की. आपलाच कॅन. बॅटरीचं पाणी हितं देवापाशी कशाला ठेवलंय?"

आईने माळ खाली ठेवली. देवांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चतुर्थी कधी आहे ते मला आजही पाठ आहे.

"बॅटरीचं?" आई म्हणाली.

सगळं बाहेर आलंच मग. मी आणि माधवीने मिळून सांगितलं. म्हणजे मी वाक्य सुरू करायचो आणि ती पुरं करायची. शेवटी रफिकच मदतीला धावला. "आजी, वाईट वाटून घेऊ नका. ह्याच्यापेक्षा शुद्ध पाणी अख्ख्या गावात न्हाय. बघा," असं म्हणून त्याने झाकणात थोडं ओतलं आणि जिभेला लावलं. त्याचा चेहरा बदलला. पुन्हा लावलं.

"हे खारट झालंय," तो म्हणाला. "ह्यात काय मिसळलंय कुणी?"

घरात पंखा चालू नव्हताच, पण आता वाराही थांबल्यासारखा झाला. मामाच्या हातातली टॉर्च तशीच पेटलेली, उजेड छताकडे. इतकी वर्षं या घरात जो शब्द कुणी उच्चारला नव्हता तो एका परक्या माणसाने, कसलाही वैरभाव नसताना, झाकणातून चाखून सांगितला होता. मी मामाकडे बघायचं टाळलं.

"माझ्या हातनं मीठ पडलं त्यात," आई म्हणाली.

आई आयुष्यात कधी खोटं बोलली नाही असं मी म्हणणार नाही, पण देवघरासमोर बसून बोललेलं हे पहिलंच. आणि तेही किती वाईट! देवाच्या पाण्याच्या कॅनमध्ये, वरचं झाकण काढून, मीठ पडतं कसं? पण ती मान ताठ करून बसली होती, आणखी कुणी विचारलंच तर साखरही पडली म्हणाली असती.

मामाने टॉर्च विझवली. मग त्याच्या मिशा हलल्या. "आक्का, ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला. "हीर खारटच हाय. सगळ्या दुधनीला ठावं हाय. तुजी भावजय डाळीला अजून बी टँकरचं पाणी घेती."

आणि तो हसायला लागला. आई आधी रागावल्यासारखी झाली, मग तिलाही हसू फुटलं, आणि दोघं इतकी हसली की रफिकने घाबरून मला विचारलं, त्यांनी प्यायलं तर नाही ना हे पाणी. मला खरं सांगायचं तर रडू येत होतं. कॅमेरा कपाटात होता, नाहीतर तोही फोटो काढला असता.

इन्व्हर्टरला रफिकने आपल्या गाडीतलं पाणी घातलं आणि पंखा फिरला. मी त्याच्याकडे माझ्यासाठी थोडं मागणार एवढ्यात आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याखाली ती कालची तांब्याची कळशी होती, वर ताटली झाकलेली. ताटली उचलली तर आत काठोकाठ पाणी आणि त्यावर तुळशीचं पान.

"शिवा कॅन घिऊन दारात दिसला तवाच काढून ठिवलं," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याची हीर मला ठावं न्हाय व्हय? घे, फोटुला वापर. आन् बाहेर बोलू नगंस. भावाला तोंडावर किती येळा खारट म्हणायचं."

संध्याकाळी मी बाथरूमच्या दाराच्या फटी चादरीने बंद करून रोल धुवायला बसलो. बाहेर मामा आणि आई खुर्च्या टाकून बसले होते, प्रसूतिगृहाबाहेर बसतात तसे. दर थोड्या वेळाने मामा विचारायचा, झालं का, आणि आई म्हणायची, घाई करू नगंस त्याला. औषधं झाली, नळाचं पाणी झालं. शेवटच्या पाण्यासाठी मी दार उघडलं आणि कळशीतलं पाणी पंच्यातून गाळून पातेल्यात घेतलं. तुळशीचं पान आठवणीने काढलं. मग दार उघडताना कुठेतरी टाकलेली चादर शोधली आणि धोका नको म्हणून पुन्हा फटी बंद केल्या. रोल त्यात बुडवला, अलगद हलवला आणि अंधारातच, माधवीच्या दोरीवर, तिच्याच चिमट्यांनी टांगला.

सोलापूरच्या उन्हाळ्यात काहीही लगेच वाळतं. मी रोल उजेडात धरून पाहिला. एक ठिपका नाही! मामाने भरवलेला घास, आईचं अर्धं उघडलेलं तोंड, मामाच्या बोटांवरचा शेंगदाण्याचा कण, सगळं स्वच्छ. माधवीने मोबाईलवर (हो, मोबाईलवर) काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून तो फोटो दोघांना दाखवला. मामा तो मोबाईल कितीतरी वेळ दोन्ही हातांत धरून बसला होता. आई म्हणाली, पाण्याचा गुण हाय बघ.

मग आम्ही पुढचे फोटो पाहू लागलो. शेवटचा होता सगळ्या घराचा. तो मी कॅमेरा स्टुलावर ठेवून, आपोआपचं बटण लावून, धावत जाऊन उभा राहून काढला होता. माझा त्या समारंभातला एकुलता एक फोटो. आई छान आली होती, मामा छान आला होता, माधवी तर फारच छान आली होती. माझ्या चेहऱ्यावर मात्र, नेमकं कपाळापासून हनुवटीपर्यंत, काहीतरी चिकटून वाळलं होतं. मी नखाने हळूच सोडवलं. ते निघालं, आणि त्याच्याबरोबर रोलवरचा माझा चेहराही निघाला. हातात आलं ते तुळशीचं इवलंसं पान.

"मी तर काढलं होतं ते," मी म्हणालो.

"तू काढलंस म्हणून तर मी दुसरं घातलं," आई म्हणाली. "चादर हुडकत व्हतास तवा. बिनतुळशीचं पाणी कसं द्यायचं?"

मामाने पान पाहिलं, फोटो पाहिला आणि मांडीवर थाप मारली. "आक्कानं लेकावर तुळशीपत्र ठिवलं की!"

दोन्ही फोटो आता समोरच्या खोलीत आहेत. एक बहीणभावांचा, एक सगळ्या घराचा, त्यात माझ्या चेहऱ्याच्या जागी पानाच्या आकाराचा काळा डाग, कारण रोलवर जिथे काही उरत नाही तिथे फोटोत काळं उमटतं. पाहुणे आले की आई दोन्ही दाखवते आणि प्रत्येक पाहुणा न चुकता विचारतो, एवढी सगळी माणसं ओळखू येतात, मग हा काळ्या पानामागे कोण उभा आहे?

"त्यो व्हय?" आई म्हणते. "त्यो पाणी आणणारा."